एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर टी-हाऊसमध्ये राहताना

लुक्ल्यापासून (नेपाळमधलं गाव, जिथून चालायला सुरुवात होते) गोरक्षेपपर्यंत (बेस कॅम्पच्या आधीचं शेवटचं मुक्कामाचं ठिकाण) तंबू, स्टोव्ह, शिधा यांतलं काहीही पाठीवर न्यावं लागत नाही. वाटेवरच्या गावांत स्थानिक कुटुंबांनी चालवलेली लॉज आहेत, त्यांनाच टी-हाऊस म्हणतात. मुक्काम सुखाचा हवा असेल तर एक गोष्ट कटाक्षाने पाळा: दुपारी दोनच्या आत पोचा. चांगल्या खोल्या तेव्हा शिल्लक असतात, अंघोळ ऊन असताना उरकते आणि स्वयंपाकघराला तुमची ऑर्डर वेळेत मिळते. ऑक्टोबरच्या गर्दीत लोबुचे (४,९४० मीटर) आणि गोरक्षेप (सुमारे ५,१६० मीटर) इथे खोल्या कमी पडतात. म्हणून दिंगबोचेच्या लॉजमधूनच पुढे फोन करून जागा सांगून ठेवा. तेंगबोचेला गर्दी असेल तर तिथे अडून बसू नका. वीस-पंचवीस मिनिटं खाली उतरलं की देबोचे लागतं, तिथे वारा कमी आणि झोप बरी.

खोलीत प्लायवूडच्या भिंती, दोन खाटा, फोमची गादी, उशी आणि जाड रजई असते. खोली गरम केलेली नसते. शेगडी फक्त जेवणाच्या हॉलमध्ये असते, तीही संध्याकाळी पेटते. वर गेल्यावर तिच्यात याकच्या शेणाच्या गोवऱ्या जळतात. उणे दहा अंशांच्या कम्फर्ट रेटिंगची (म्हणजे तेवढ्या थंडीतही ऊबदार झोप देणारी) स्लीपिंग बॅग आणि वरून रजई एवढं पुरतं. झोपण्यापूर्वी जाड प्लास्टिकच्या एक लिटरच्या बाटलीत उकळतं पाणी भरून घ्या, झाकण उलटं धरून तपासा, बाटलीवर पायमोजा चढवा आणि ती पायाशी ठेवा. थर्मासचा इथे उपयोग नाही, तो उष्णता बाहेर सोडतच नाही. सकाळी तेच पाणी प्यायला होतं. मोबाइल, पॉवर बँक, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या बॅगेतच घेऊन झोपा, पण बाटलीपासून दूर. थंडीत बॅटरी रात्रीतून बसते, आणि वरच्या गावांत चार्जिंगला वेगळे पैसे पडतात. पाण्याचा फिल्टरही आत घ्या. आतलं पाणी गोठलं की त्याच्या नळ्या फुटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही.

खोलीचं भाडं मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, कमाई जेवणावर असते. त्यामुळे जिथे झोपायचं तिथेच रात्रीचं आणि सकाळचं जेवायचं हा अलिखित करार आहे. बाहेर जेवलात तर भाडं बरंच वाढवून लावतात, आणि ते रास्तही आहे. रात्रीची ऑर्डर पाचपर्यंत आणि नाश्त्याची रात्री झोपायच्या आधी द्या. आठ जणांनी आठ वेगळे पदार्थ सांगितले की चूल एक, भांडी मोजकी आणि शेवटच्याचं ताट तासाभराने येतं. गटाने दोनच पदार्थ ठरवावेत.

पदार्थांत डाळ-भातासारखं दुसरं काही नाही. भात, डाळ, भाजी पुन्हा वाढतात, आणि आपल्या पोटाला ते सवयीचं असतं. ५,००० मीटरवर पाणी सुमारे ८३ अंशांनाच उकळतं, म्हणून उघड्या भांड्यातला पास्ता चिकट, अर्धाकच्चा होतो. डाळ-भात कुकरमध्ये शिजतो. रिकिकुर (बटाट्याचं जाड धिरडं), लसणाचं सूप, शेर्पा स्ट्यू हेही चांगले. नामचेच्या वर मांस टाळा: खुंबूत (एव्हरेस्टच्या पायथ्याचा हा सगळा भाग) प्राणी मारत नाहीत, मांस खालून हमालांच्या पाठीवर बिनाबर्फाचं येतं. उंचीवर भूक मरते, तेव्हा घरून आणलेलं मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं ताटातला भात संपवायला मदत करतं. लोणचं घट्ट झाकणाच्या बरणीत न्या. हवेचा दाब कमी झाला की तेल बाहेर येतं.

अंघोळीला गॅस गीझरचं पाणी पैसे देऊन मिळतं. केस सूर्यास्तापूर्वी वाळणार नसतील तर त्या दिवशी धुऊ नका. दिंगबोचेच्या वर वेट वाइप्सवर (अंग पुसायच्या ओल्या कागदांवर) भागवावं. संडास बहुतेक सामायिक, शेजारी पिंप आणि मग. पहाटे पिंपावर बर्फाचा थर असतो, तो मगाने फोडायचा. कागद भांड्यात नाही, डब्यात टाकायचा. पिण्याचं पाणी शुद्ध करायला क्लोरीनच्या गोळीला अर्धा तास लागतो, पाणी बर्फासारखं गार असेल तर तासभर थांबा.

नामचे (३,४४० मीटर) आणि दिंगबोचे (४,४१० मीटर) इथे शरीराला उंचीची सवय व्हावी म्हणून दोन-दोन रात्री काढाच. दिवसा तीन-चारशे मीटर चढून झोपायला खाली या. डोकेदुखीसोबत उलटी असेल तर पुढच्या गावाला जाऊ नका. सरळ रेषेत एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावून चालता येत नसेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर सकाळची वाट न पाहता सोबत घेऊन खाली उतरा. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळण्यासाठीची गोळी) घ्यायची की नाही हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून ठरवा.

पैसे नेपाळी रुपयांत, रोख. एका भारतीय रुपयाला १.६ नेपाळी, हा दर ठरलेला आहे. भरवशाचं शेवटचं एटीएम नामचेला, तेही कधी बंद असतं, म्हणून रक्कम काठमांडूतच काढा. चहा, गरम पाणी, चार्जिंग सगळं खोली क्रमांकाखाली वहीत लिहिलं जातं. ती वही रात्रीच दिदींसोबत (लॉज चालवणाऱ्या बाईंसोबत) बसून तपासा आणि हिशोब चुकता करा; सकाळी सहाला सगळेच एकदम निघतात.