परदेशातल्या सेमिनरी विद्यार्थ्याला मदत करताय? या चुका टाळा

परदेशातल्या सेमिनरीत पाळकीय सेवेचं, म्हणजे पास्टर होण्याचं, शिक्षण घेणाऱ्या एखाद्याला हातभार लावायचा, तर सुरुवात बहुधा एका पत्रापासून होते. पत्रासोबत फोटो, तारणाची साक्ष, सेमिनरीचं प्रवेशपत्र, फीचा आकडा आणि बँक खात्याचा तपशील. वाचणाऱ्याचं मन हेलावतं, पैसे जातात. मग दीड-दोन वर्षांनी तक्रारी सुरू होतात: अहवाल येत नाही, खर्च दर सत्राला वाढतोच आहे, मुलगा शिकला पण मायदेशी गेलाच नाही. यातल्या फार थोड्या तक्रारींमागे लबाडी असते. देणाऱ्याने त्याला ‘आपला विद्यार्थी’ करून टाकलेलं असतं, आणि ज्या मंडळीचा, म्हणजे स्थानिक चर्चचा, तो आहे, जिच्यात त्याला उद्या सेवा करायची आहे, तिला कुणी काही विचारलेलंच नसतं. माझ्या मते खरी गडबड तिथे होते.

मंडळीला डावलून थेट विद्यार्थ्याशी व्यवहार

विद्यार्थ्याशी ओळख असावी, त्याचं नाव घेऊन प्रार्थना करावी, यात काहीच गैर नाही. गैर आहे ते त्याला मंडळीच्या हातून काढून घेणं. पैसा वैयक्तिक खात्यात येऊ लागला की हिशेब विचारणारं जवळपास कुणी उरत नाही. मंडळीचे वडील (एल्डर) त्याच्याकडे ‘बाहेरच्या पैशावर शिकणारा’ म्हणून बघू लागतात, बरोबरीचे विद्यार्थी हेवा करतात, आणि तोही नकळत देणगीदाराला काय वाचायला आवडेल ते लिहायला शिकतो. दर पत्रात ‘प्रभूने मोठी कामं केली’ आणि एकाही पत्रात हिब्रूत नापास झाल्याचा उल्लेख नाही, असं दिसलं तर समजून घ्या.

म्हणून पहिली रक्कम पाठवण्याआधी त्याच्या पाळकांना लिहा. मंडळीने याला कसं निवडलं? रविवारची शाळा, तरुणसंघ, आजाऱ्यांच्या भेटी, यातलं काय काय त्याने आजवर केलं आहे? शिक्षण झाल्यावर त्याला कुठे नेमणार? आणि मंडळी स्वतः किती भार उचलते आहे? हा शेवटचा प्रश्न विचारताना जीभ अडखळते, पण त्याचंच उत्तर सगळ्यात जास्त सांगून जातं. रक्कम किती हे गौण आहे. फीचा छोटा हिस्सा असो की नुसता प्रवासखर्च, स्वतःच्या खिशाला झळ लागलेली मंडळी त्या विद्यार्थ्याची विचारपूस करते, सुट्टीत त्याला उपदेशाला उभं करते आणि तो भरकटला तर कानही धरते. हे काम हजारो मैलांवरून तुम्हाला जमणार नाही.

यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी जमवताना प्रेषित पौलाने ती एकट्याने हाताळली नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, आणि एवढ्या मोठ्या देणगीबाबत कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून तसं केलं, हेही मोकळेपणाने लिहिलं (२ करिंथ ८:१९–२१). प्रेषिताला जी खबरदारी घ्यावीशी वाटली ती आपल्या मिशन कमिटीला अपमानास्पद वाटायचं कारण नाही.

कॅथलिक परंपरेत याचं एक जुनं उदाहरण आहे. जपानमधल्या नागासाकीच्या बिशपांकडे सेमिनरीत येऊ पाहणारी मुलं होती, पण त्यांना पोसायला पैसा नव्हता. त्यांच्या पत्रावरून फ्रान्समधल्या कां शहरातल्या झान बिगार आणि तिच्या आईने १८८९ मध्ये मदतीचं काम सुरू केलं. त्यातून प्रेषित संत पीटर यांच्या नावाची संस्था उभी राहिली आणि १९२२ मध्ये तिला पोपच्या अधिकाराखाली घेण्यात आलं. आज तिच्याकडे जगभरातून येणाऱ्या देणग्या एका सामायिक निधीत जमतात आणि सेमिनऱ्यांना अनुदान म्हणून जातात. कोणाचा पैसा कोणत्या मुलाला गेला हा प्रश्नच उरत नाही. व्यक्तिगत जिव्हाळा त्यात कमी होतो हे खरं, पण ज्याला पत्र छान लिहिता येत नाही तो मुलगा उपाशी राहत नाही. मला हा सौदा योग्य वाटतो.

शिकवायचं कुठे, हा विचारच न करणं

हुशार विद्यार्थी म्हणजे त्याला अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये पाठवायचा, असं समीकरण अजून अनेकांच्या डोक्यात आहे. आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषदेने घानातल्या आक्रा इथे १९५८ मध्ये ईश्वरविज्ञान शिक्षण निधी उभारला तेव्हाच उलट दिशा धरली होती. सुरुवातीचे चाळीस लाख डॉलर आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या सेमिनऱ्या, त्यांची ग्रंथालयं, त्यांचे अध्यापक सक्षम करण्यासाठी होते.

त्याहून बोलकं उदाहरण ग्वाटेमालाचं. तिथली प्रेस्बिटेरियन सेमिनरी राजधानीत होती. तिथे राहून शिकलेल्यांपैकी थोडेच पुढे ग्रामीण मंडळ्यांत पाळक म्हणून टिकले, आणि खेड्यापाड्यांत ज्यांच्या खांद्यावर मंडळ्या चालत होत्या त्या प्रौढ, कुटुंबवत्सल माणसांना घरदार, शेती सोडून राजधानीत येणं शक्य नव्हतं. तेव्हा १९६३ पासून सेमिनरीच त्यांच्याकडे जाऊ लागली. घरी अभ्यास करायचा आणि ठरलेल्या दिवशी अध्यापकाला जवळच्या केंद्रावर भेटायचं. ‘टी.ई.ई.’ (थिऑलॉजिकल एज्युकेशन बाय एक्स्टेन्शन) नावाने ही पद्धत पुढे अनेक देशांत पसरली. एका विद्यार्थ्याच्या परदेशी शिक्षणाला लागणाऱ्या पैशात असं एखादं केंद्र कितीतरी जास्त काळ चालतं.

मग बाहेर कुणाला पाठवायचं? जो परत येऊन इतरांना शिकवणार आहे त्याला. जुना करार किंवा मंडळीचा इतिहास शिकवायला डॉक्टरेट झालेला अध्यापक हवा आणि ती सोय मायदेशी नाही, तर खर्च सार्थ आहे. अशा वेळी परतण्याचा करार त्याच्या सेमिनरीशी आणि मंडळीशी असावा, देणगीदाराशी नव्हे, आणि परत आल्यावर मिळणारी जागा त्यात लिहिलेली असावी. ‘परत ये’ एवढं म्हणून भागत नाही, ‘इथे ये’ असं म्हणावं लागतं.

फी भरली म्हणजे झालं, असं समजणं

अमेरिकेत एफ-१ व्हिसावर जाणाऱ्या विद्यार्थ्याला आय-२० हा कागद मिळण्याआधी फी आणि राहण्याचा खर्च दोन्ही भागतील असा आर्थिक पुरावा शिक्षणसंस्थेला द्यावा लागतो. कागदावर तो पुरावा उभा करायला कुणी तरी ‘सगळा खर्च आमचा’ असं लिहून देतं आणि प्रत्यक्षात फीच पाठवतं. मग अडचण सुरू होते. सत्र चालू असताना विद्यार्थ्याला कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास काम करता येतं, आणि सोबत एफ-२ व्हिसावर आलेल्या जोडीदाराला नोकरी करताच येत नाही. लेकरं असतील तर आरोग्यविम्याचा हप्ताच कंबर मोडतो. अशा वेळी तो कुठे तरी गुपचूप काम धरतो आणि व्हिसाच गमावून बसतो. जेवढं खरोखर द्यायचं आहे तेवढंच लिहून द्या, आणि घरभाडं, विमा, पुस्तकं, परतीचं तिकीट हे सगळं धरून अंदाजपत्रक आधी मागा.

चलनाचं गणितही मांडून ठेवा. नायजेरियाने जून २०२३ मध्ये नायराचा दर मोकळा सोडल्यावर तो झपाट्याने घसरला. मायदेशची मंडळी नायरात जो हिस्सा पाठवते त्याचे अशा धक्क्यानंतर निम्मेसुद्धा डॉलर होत नाहीत. तो फरक कोण भरणार हे आधी ठरलेलं नसेल, तर ऐन परीक्षेच्या तोंडावर त्यावरून वाद होतो.

मान्यता बघितली, पण कुणाची ते बघितलं नाही

‘मान्यताप्राप्त’ या शब्दावर थांबू नका. आशियात एशिया थिऑलॉजिकल असोसिएशन, आफ्रिकेत ॲक्टिया अशा संघटना इव्हँजेलिकल सेमिनऱ्या तपासून मान्यता देतात. पण ती मान्यता सरकारी विद्यापीठ मानेलच असं नाही. भारतात बंगालमधल्या सेरामपूर कॉलेज या ईश्वरविज्ञान शिकवणाऱ्या संस्थेची गोष्ट वेगळी. १८२७ च्या डॅनिश राजाच्या सनदेमुळे पदव्या देण्याचा तिचा अधिकार जुना आहे. विद्यार्थ्याला कुणापुढे पदवी दाखवायची आहे, दीक्षा देणाऱ्या त्याच्या संप्रदायापुढे की पुढच्या विद्यापीठापुढे, त्यावर कोणती मान्यता हवी ते ठरतं. ज्याला त्याच्या मंडळ्यांत सेवाच करायची आहे त्याला साधा डिप्लोमाही पुरतो. बाकी पदव्या विकणारी दुकानं आणि त्यांना मान्यता देणारी तितकीच पोकळ दुकानं अनेक देशांत आहेत. अध्यापकांची नावं, त्यांच्या पदव्या आणि ग्रंथालय यांची चौकशी केली की बहुतेकांचं पितळ उघडं पडतं.

पैसे पाठवण्याचा मार्ग गृहीत धरणं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथेच पैसा अडकतो. अमेरिकेत ठरावीक व्यक्तीच्याच नावाने दिलेल्या देणगीवर करसवलत मिळत नाही. पैसा कुठे वापरायचा याचा अंतिम निर्णय नोंदणीकृत संस्थेच्या हाती असावा लागतो. घेणाऱ्या देशाचे नियम याहून कडक असू शकतात. भारतातल्या संस्थेला परदेशी देणगी घ्यायची तर २०१० च्या एफ.सी.आर.ए. कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, रक्कम आधी नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने ती दुसऱ्या संस्थेकडे वळवायला बंदी आहे. ‘ओळखीच्या ट्रस्टमार्फत सेमिनरीला पोचवू’ हा जुना उपाय आता गुन्हा ठरतो. विद्यार्थ्याच्या काकांच्या खात्यावर टाकू, हा त्याहून वाईट.

जिथे धर्मप्रसारावर सरकारची किंवा शेजाऱ्यांची करडी नजर आहे, तिथल्या विद्यार्थ्याचं नाव, फोटो आणि सेमिनरीचं ठिकाण निधी गोळा करण्याच्या पत्रकात छापू नका. परवानगी त्याने दिली असली तरी. पैशाची गरज असलेला माणूस नाही म्हणू शकत नाही.

आणि पुस्तकांचे खोके पाठवण्याआधी ग्रंथपालाला यादी विचारा. आयातशुल्क भरून सोडवून घेतलेली, चाळीस वर्षांपूर्वीची, कुणाला नको असलेली प्रवचनं कपाट अडवतात.

काही बिनसलंच, तर

अहवाल थांबले तर आधी विद्यार्थ्याला नव्हे, सेमिनरीच्या रजिस्ट्रारला लिहा आणि गुणपत्रक मागा. तेवढ्याने बऱ्याच शंका मिटतात. पुष्कळदा मुलगा वर्गात असतो, अभ्यासही करतो, फक्त इंग्रजीत लांब पत्र लिहायची त्याला धास्ती असते. अशाला स्वतःच्या भाषेत बोललेला ध्वनिसंदेश पाठवायला सांगा.

आजारपण, चोरी, घरी मृत्यू अशा कारणाने तातडीची मागणी आली तर मन घट्ट करून ती सेमिनरीच्या डीनकडे वळवा. यासाठी वर्षाच्या सुरुवातीलाच थोडी रक्कम त्यांच्याकडे वेगळी ठेवली, तर खऱ्या संकटात मदत त्याच दिवशी पोचते आणि खोटं संकट डीनच्या दारातच अडतं.

एकाच मुलाला दोन-तीन ठिकाणांहून पूर्ण फी येते असं कळलं तर लगेच त्याला चोर ठरवू नका. एका देणगीदाराने मध्येच हात काढून घेतलेला असतो, म्हणून त्याने चार दारं ठोठावलेली असतात. सगळ्यांचा पैसा सेमिनरीतल्या एकाच खात्यावर लावायला सांगा, म्हणजे जादाची रक्कम दुसऱ्या विद्यार्थ्याला वापरता येते.

पदवी झाली आणि मंडळी म्हणते, आता पगारही तुम्हीच द्या. इथे ठाम राहा. चीनमधले मिशनरी जॉन नेव्हियस १८९० मध्ये कोरियात गेले तेव्हा त्यांनी तिथल्या तरुण मिशनऱ्यांना हेच सांगितलं होतं, की सेवकांना मंडळ्यांनीच पोसावं, बाहेरच्या पैशाने नव्हे. तिथल्या प्रेस्बिटेरियन मिशनने ते धोरण उचललं. अगदीच अडचण असेल तर पहिल्या वर्षी थोडं, दुसऱ्या वर्षी त्याहून कमी, असं लिहून ठरवा आणि तारीख घाला.

तुम्हालाच देणं थांबवायचं असेल, तर ते सत्राच्या मध्यावर कधीच नको. चालू वर्षाची फी पूर्ण भरा, आणि पुढच्या वर्षाचे प्रवेश सुरू होण्याआधी सेमिनरीला, पाळकांना आणि विद्यार्थ्याला, तिघांनाही एकाच दिवशी कळवा.