जीपीयू ड्रायव्हरमधली भगदाडं: तपासायची कशी, बुजवायची कशी

जून २०२४ मध्ये आर्म कंपनीने आपल्या माली जीपीयूच्या (पडद्यावरची चित्रं काढणाऱ्या चिपच्या) ड्रायव्हरमधली, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली, एक चूक जाहीर केली: सीव्हीई-२०२४-४६१० (सीव्हीई म्हणजे सुरक्षा चुकीला दिलेला नोंद क्रमांक). मोकळी करून टाकलेली मेमरी पुन्हा हाताळता येण्याची ही चूक होती आणि तिचा गैरवापर होत असल्याच्या खबरी असल्याचंही त्याच सूचनेत म्हटलं होतं. खरी मेख पुढे आहे. चूक आर३४पी० ते आर४०पी० या आवृत्त्यांत होती. आर४१पी० मध्ये ती दुरुस्त झाली आणि ती आवृत्ती आली नोव्हेंबर २०२२ मध्ये. इलाज दीड वर्ष आधी तयार होता. जुन्या आवृत्तीवर अडकलेल्या फोनांपर्यंत तो पोचला नव्हता, इतकंच.

त्यामुळे वापरणाऱ्याचं पहिलं काम म्हणजे तयार दुरुस्ती आपल्या यंत्रात उतरली आहे का, हे पाहणं. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचं आणि तपासणाऱ्यांचं काम वेगळं आहे; ते शेवटी घेतलं आहे.

हल्लेखोराला जीपीयूच का हवा असतो

कॅमेरा वापरायचा तर ॲपला परवानगी मागावी लागते. जीपीयूसाठी कुणी विचारत नाही, कारण पडद्यावर काहीही काढायचं तर तो लागतोच. म्हणजे साधं टॉर्चचं ॲपसुद्धा जीपीयू ड्रायव्हरशी थेट बोलू शकतं, आणि त्या ड्रायव्हरचा महत्त्वाचा भाग कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, सर्वोच्च अधिकारांनिशी चालतो.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. जीपीयूला मेमरीकडे जायचा स्वतःचा वेगळा दरवाजा असतो: स्वतःचं एमएमयू (मेमरीचे पत्ते जुळवणारा भाग), स्वतःची पेज टेबलं (मेमरीचं कोणतं पान कुठे आहे याच्या याद्या). सीपीयूच्या बाजूला कितीही पहारे बसवा, या दरवाजातून आत गेलेल्याला ते अडवत नाहीत. पिक्सेल ८ मध्ये मेमरीचा गैरवापर पकडणारं मेमरी टॅगिंग म्हणजे एमटीई चालू असतानाही माली ड्रायव्हरमधल्या सीव्हीई-२०२३-६२४१ या चुकीतून कर्नलवर ताबा मिळवता येतो, हे मार्च २०२४ मध्ये गिटहब सिक्युरिटी लॅबच्या संशोधनाने दाखवून दिलं.

फोन: तारखेतला दिवसही बघा

१. सेटिंग्जमध्ये 'फोनबद्दल', तिथून 'अँड्रॉइड आवृत्ती' उघडा आणि 'सिक्युरिटी अपडेट'ची तारीख पाहा. मेनूची नावं फोनागणिक थोडी बदलतात.

२. महिना बघून थांबू नका, दिवसही बघा. अँड्रॉइडच्या सुरक्षा पातळ्या साधारणपणे दोन असतात: महिन्याच्या १ तारखेची आणि ५ तारखेची. १ तारखेच्या पातळीत अँड्रॉइडच्या स्वतःच्या भागांच्या दुरुस्त्या असतात. कर्नल आणि आर्म, क्वालकॉम, इमॅजिनेशन अशा चिप कंपन्यांच्या भागांच्या दुरुस्त्या ५ तारखेच्या पातळीत येतात. तेव्हा '१ ऑगस्ट' वाचून जीपीयूबाबत निर्धास्त होता येत नाही.

३. फोनमध्ये क्वालकॉमचा ॲड्रिनो जीपीयू असेल तर तारीख किमान ५ ऑगस्ट २०२५ हवी. सीव्हीई-२०२५-२१४७९ आणि सीव्हीई-२०२५-२७०३८ या प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या चुकांच्या दुरुस्त्या त्या पातळीत आल्या. क्वालकॉमने त्या फोन कंपन्यांना मेमध्येच दिल्या होत्या.

४. अपडेट उतरवल्यावर फोन रीस्टार्ट करा. 'रात्री करू' म्हणून ढकललेली रीस्टार्ट कित्येक दिवस तशीच राहते आणि तोवर जुनाच ड्रायव्हर चालू असतो.

आयफोन आणि मॅकमध्ये ॲपलच्या जीपीयूचा ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टिमसोबतच येतो. वेगळं काही शोधायचं नाही, सिस्टिम अपडेट ठेवली की झालं.

विंडोज

डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले अडॅप्टर्समधल्या नावावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज आणि तिथे ड्रायव्हर हा टॅब. आवृत्ती आणि तारीख दोन्ही दिसतात. लॅपटॉपमध्ये अनेकदा दोन जीपीयू असतात, दोन्ही तपासा.

एनव्हिडियाच्या बाबतीत इथे हमखास घोळ होतो. विंडोज ३२.०.१५.६०९४ असा आकडा दाखवतं आणि एनव्हिडियाच्या सुरक्षा सूचनेत ५६०.९४ असं लिहिलेलं असतं. दोन्ही एकच. ठिपके काढून शेवटचे पाच अंक घ्या, ५६०९४, आणि तीन अंकांनंतर ठिपका द्या. सूचनेतल्या तक्त्यात आपल्या ड्रायव्हरच्या शाखेची (आवृत्त्यांच्या मालिकेची) ओळ शोधा आणि तिथल्या आवृत्तीशी हा आकडा ताडून पाहा. विंडोज अपडेटमधून येणारा ड्रायव्हर मागे असू शकतो, म्हणून 'यू आर अप टू डेट' हे वाक्य इथे पुरावा म्हणून धरू नये.

लिनक्स आणि सर्व्हर

एएमडी आणि इंटेलचे ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात, त्यामुळे कर्नल अपडेट आणि रीबूट एवढंच. मेसा (ग्राफिक्स लायब्ररींचा संच) अपडेट केलं म्हणजे ड्रायव्हर अपडेट झाला, हा समज चुकीचा आहे. मेसा वापरकर्त्याच्या बाजूचा भाग आहे. भगदाड कर्नलमधल्या भागात असेल तर त्याने काहीच फरक पडत नाही.

एनव्हिडियाचं पॅकेज अपडेट झालं पण रीबूट झाला नाही, तर मेमरीत जुनं मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग) आणि डिस्कवर नवी लायब्ररी अशी स्थिती होते. तेव्हा एनव्हिडिया-एसएमआय हा आदेश आवृत्ती जुळत नसल्याची तक्रार करतो. ही तक्रार म्हणजे सुरक्षा दुरुस्ती अजून लागू झालेली नाही, असा अर्थ घ्या.

सर्व्हरवर आणखी दोन गोष्टी करा. ज्या कंटेनरला (वेगळं ठेवून चालवलेल्या प्रोग्रॅमला) जीपीयू लागत नाही त्याला त्याची डिव्हाइस फाइल देऊ नका. आणि जीपीयू वापरातच नसेल तर त्याचं मॉड्यूल लोडच होणार नाही अशी नोंद करून ठेवा.

एकाच जीपीयूवर अनेकांची कामं चालत असतील तर गळतीचाही विचार हवा. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या लेफ्टओव्हरलोकल्स या चुकीत, सीव्हीई-२०२३-४९६९, एका प्रक्रियेने जीपीयूच्या स्थानिक मेमरीत मागे ठेवलेला डेटा दुसरीला वाचता येत होता. ॲपल, क्वालकॉम, एएमडी आणि इमॅजिनेशनचे काही जीपीयू त्यात सापडले. भाषा मॉडेलने दिलेली उत्तरं अशी चोरून वाचता आली होती. ड्रायव्हर अपडेट होईपर्यंतचा उपाय म्हणजे जीपीयूवर चालणाऱ्या आपल्या प्रोग्रॅमच्या (त्यालाही 'कर्नल' म्हणतात, पण हा सिस्टिमचा कर्नल नव्हे) शेवटी स्थानिक मेमरीवर शून्यं लिहिणं. कंपायलर हे लिहिणं बिनकामाचं समजून गाळू शकतो, तेव्हा तयार झालेला कोड उघडून खात्री करा.

अपडेट येणंच बंद झालं असेल तर

ब्राउझरमधलं हार्डवेअर ॲक्सेलरेशन बंद करा. संगणकावरच्या क्रोममध्ये ते सेटिंग्जच्या 'सिस्टिम' भागात आहे. संगणकावरच्या फायरफॉक्समध्ये अबाउट-कॉन्फिग पानावर वेबजीएल-डिसेबल्ड ही नोंद चालू करूनही वेबजीएलचा, म्हणजे वेबपेजने जीपीयू वापरण्याचा, रस्ता रोखता येतो. व्हिडिओ अडखळेल, बॅटरी जास्त खर्च होईल. याने वेबपेजवरून येणारा एक मार्ग अरुंद होतो. फोनवर बसवलेल्या ॲपला मात्र काहीच अटकाव होत नाही, म्हणून अशा फोनवर अनोळखी ठिकाणची ॲप टाकू नका आणि बँकेचे व्यवहार दुसऱ्या फोनवर न्या.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी: चुका नेमक्या कुठे बसतात

पहिली जागा हँडलची. ॲप बफर (मेमरीचा तुकडा) मागतं, ड्रायव्हर तो तयार करतो, त्याला हँडल क्रमांक (ॲपने बफर ओळखायची खूण) देतो आणि मग बफरचा आकार वगैरे वाचून उत्तर भरतो. वरवर पाहता सगळं ठीक. पण हँडल क्रमांक १, २, ३ असे ओळीने येतात, त्यामुळे पुढचा कोणता असेल ते आधीच कळतं. ॲपचा दुसरा थ्रेड तो क्रमांक बंद करायची मागणी सतत करत राहतो. हँडल दिल्यानंतर आणि उत्तर भरण्याआधीच्या फटीत ती मागणी लागली, तर शेवटचा संदर्भ (बफर वापरात असल्याची नोंद) सुटतो, बफर मोकळा होतो आणि ड्रायव्हर मेलेल्या पत्त्यावर काम करतो. लिनक्सच्या पॅनफ्रॉस्ट आणि व्हर्टिओ या दोन्ही ड्रायव्हरांत हीच चूक दुरुस्त करावी लागली. उपाय दोन ओळींचा: हँडल देणं हे सगळ्यात शेवटचं काम ठेवा आणि फंक्शन संपेपर्यंत आपला स्वतःचा संदर्भ सोडू नका.

दुसरी जागा गुणाकाराची. ॲपने २६,८४,३५,४५७ नोंदी मागितल्या, प्रत्येक १६ बाइटची. गुणाकार होतो ४,२९,४९,६७,३१२. तो ३२ बिटांत मावत नाही आणि उरतात फक्त १६ बाइट. जागा १६ बाइटची घेतली जाते आणि लूप २६ कोटी वेळा लिहायला निघतो. लिनक्समध्ये ॲरेसाठी मेमरी घेणारी, गुणाकार तपासणारी फंक्शनं तयार आहेत. हाताने गुणाकार करू नका.

तिसरी जागा सर्वांत वाईट, कारण नेहमीच्या हत्यारांना ती दिसत नाही. पान (मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) कर्नलला परत केलं, पण जीपीयूच्या पेज टेबलात त्याची नोंद तशीच राहिली. तेच पान पुढे दुसऱ्या कुणाला मिळतं आणि ॲप जीपीयूकरवी त्यात लिहीत बसतं. पान सोडताना क्रम असा हवा:

१. त्या पानावर चालू असलेलं जीपीयूचं काम संपल्याची खूण, म्हणजे फेन्स, येऊ द्या.
२. जीपीयूच्या पेज टेबलातली नोंद काढा.
३. जीपीयूचा टीएलबी (पेज टेबलातल्या नोंदींची जवळ ठेवलेली नक्कल) फ्लश करा, म्हणजे रिकामा करा, आणि फ्लश पूर्ण झाल्याची खूण मिळेपर्यंत थांबा. आदेश पाठवला म्हणजे काम झालं असं नाही.
४. ॲपकडे असलेलं सीपीयूचं मॅपिंग काढा.
५. मगच पान परत करा.

मेमरी कमी पडल्यावर चालणारा श्रिंकरचा मार्ग आणि त्रुटी आल्यावर माघार घेणारा कोड, या दोन ठिकाणी हा क्रम विशेष मोडतो. सीव्हीई-२०२२-३८१८१ ही माली चूक श्रिंकरच्याच वाटेने आली होती: मेमरी बाहेर काढली गेली आणि तिचा पॉइंटर मागे राहिला.

चाचणीसाठी केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) चालू केलेला कर्नल आणि सिझकॉलर फझर (कर्नलला वेड्यावाकड्या मागण्या पाठवून चुका शोधणारं साधन) ही जोडी घ्या. केसॅनचा सामान्य प्रकार कर्नलच्या मेमरीचा एक-अष्टमांश भाग स्वतःसाठी घेतो, तेव्हा कमी रॅमच्या बोर्डावर तो गुदमरतो. पहिल्या दोन जागांच्या चुका यात सापडतात. तिसरी सापडत नाही, कारण केसॅन सीपीयूचं वाचन-लेखन पाहतो, जीपीयूचं नाही. तिच्यासाठी पेज पॉइझनिंग चालू करा. सोडलेल्या पानावर ठरावीक नक्षी भरली जाते आणि पान पुन्हा वाटताना ती तपासली जाते. मधल्या काळात जीपीयूने जरी लिहिलं असलं तरी नक्षी बिघडलेली दिसते. नुसतं वाचन झालं असेल तर मात्र यातही कळत नाही. पॉइझनिंग चालू असताना पान सोडताना शून्यं भरायची सोय आपोआप बंद होते, म्हणून त्या दोन चाचण्या वेगवेगळ्या फेऱ्यांत घ्या.

रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेने हे सगळं मिटेल का? पहिली जागा बरीचशी मिटते. लिनक्समध्ये रस्ट कर्नलच्या ६.१ आवृत्तीपासून आहे आणि एनव्हिडियासाठीच्या नोव्हा ड्रायव्हरचा पाया २०२५ मध्ये ६.१५ मध्ये आला. पण जीपीयूच्या पेज टेबलातली नोंद रस्टच्या कंपायलरला दिसत नाही. पान आणि त्याचं मॅपिंग एकाच टाइपमध्ये बांधून, मॅपिंग सुटल्याशिवाय पान सुटणारच नाही अशी रचना करावी लागते, आणि वरचा पाच पायऱ्यांचा क्रम त्या टाइपच्या ड्रॉपमध्ये (वस्तू सुटताना चालणाऱ्या कोडमध्ये) माणसालाच लिहावा लागतो.