रात्रीचा पास्ता उरलाय? सकाळी त्याचं हे करा

शनिवारी रात्री मुलांसाठी पास्ता करायला घेतला की अंदाज हमखास चुकतो. कोरडा असताना तो थोडाच वाटतो आणि शिजल्यावर पातेलं भरून जातं. 100 ग्रॅम कोरडा पास्ता शिजून 200 ते 225 ग्रॅम होतो. त्यामुळे अर्ध्या किलोचं पाकीट एकदम उकळलं, तर चौघं पोटभर जेवूनही डबाभर उरतोच. दुसऱ्या दिवशी फ्रीजमधून काढला की डब्याच्या आकाराचा गठ्ठा हातात येतो आणि "आता हे कोण खाणार" म्हणून तो टाकून दिला जातो.

टाकू नका. शिळी पोळी आपण पुन्हा पोळी म्हणून वाढत नाही, तिला फोडणी देतो. रात्रीच्या भाताचंही तसंच. उरलेल्या पास्त्यालाही नुसतं गरम करू नका, त्याचा दुसरा पदार्थ करा. गार झाल्यावर त्यातला स्टार्च घट्ट होतो आणि पास्ता थोडा टणक बनतो. पानात वाढायला तो तसा चांगला लागत नाही, पण तव्यावर परतायला आणि तळायला हाच टणकपणा उपयोगी पडतो.

आधी रात्रीचं काम

सगळं अवलंबून आहे ते रात्री पास्ता कसा ठेवला यावर. शक्य असेल तर सॉस आणि पास्ता वेगळे ठेवा. पास्ता निथळून त्याला चमचाभर तेल चोळा, परातीत पसरून वाफ जाऊ द्या आणि मग झाकणाच्या डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा. हे शिजवल्यापासून दोन तासांच्या आत व्हायला हवं. एप्रिल-मेच्या उकाड्यात, तापमान 32 अंशांच्या वर असेल तर एका तासात.

इथे मी मुद्दाम आग्रह धरते आहे. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात. भात किंवा पास्ता ओट्यावर तसाच राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं उलटीचं विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. 2008 मध्ये ब्रसेल्समध्ये एका वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने पाच दिवस बाहेर राहिलेली स्पॅगेटी गरम करून खाल्ली आणि त्याचा मृत्यू झाला. इतकं टोकाला क्वचितच जातं, पण रात्रभर बाहेर राहिलेला पास्ता वास चांगला येत असला तरी वापरायचा नाही. फ्रीजमधला साधा पास्ता तीन दिवसांत संपवा, व्हाइट सॉसचा दुसऱ्याच दिवशी. आणि एकदा गरम केलेला पुन्हा फ्रीजमध्ये ठेवू नका.

साध्या पास्त्याचा गठ्ठा सुटा करायला उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून लगेच चाळणीत उपसा. सॉस लागलेला असेल तर कढईत दोन-तीन चमचे पाणी, त्यावर पास्ता, झाकण आणि मंद आच. चार मिनिटांत तो आपोआप सुटतो. आधीच चमच्याने ढवळलात तर तुकडे पडतात.

नेपल्सची फ्रित्ताता

उरलेल्या पास्त्याचं सगळ्यात चांगलं काय होतं, असं विचाराल तर माझं उत्तर हेच. इटलीतल्या नेपल्स शहरात उरलेला पास्ता अंड्यात घालून जाड ऑम्लेट करतात, त्याला 'फ्रित्ताता दी माक्केरोनी' म्हणतात. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, लोक सहलीला जातात, तेव्हा आणि समुद्रावर जातानाही हे बरोबर असतं. गारच खातात.

तिघांसाठी दोन वाट्या शिजलेला पास्ता, तीन अंडी, दोन चमचे किसलेलं चीज, मीठ, मिरपूड आणि मोठा चमचाभर तेल घ्या. स्पॅगेटी असेल तर उत्तम, कारण धागे एकमेकांत गुंततात. मॅकरोनी किंवा पेने असेल तर एक अंडं जास्त लागतं. टोमॅटो सॉस लागलेला पास्ताही चालतो.

1. अंडी मीठ, मिरपूड आणि चीज घालून फेटा. पास्ता बोटांनी सुटा करून त्यात घाला आणि पाच मिनिटं ठेवा. तो उकळून सुटा केलेला नको, ओला राहतो.

2. साधारण 20 सेंटिमीटरच्या खोलगट नॉनस्टिक तव्यात तेल चांगलं तापवा. मिश्रण ओता, उलथन्याने दाबून सपाट करा आणि आच मध्यमपेक्षा थोडी कमी ठेवा.

3. सहा-सात मिनिटं हात लावू नका. आधी चर्र असा मोठा आवाज येतो, मग तो हळूहळू बसतो आणि कडा तव्यापासून सुटून सोनेरी दिसायला लागतात. तवा हलकेच हलवला की अख्खी चकती सरकली पाहिजे. सरकत नसेल तर अजून एक मिनिट.

4. तव्यावर ताट उपडं धरा, दोन्ही घट्ट पकडून उलटा आणि चकती परत तव्यात सरकवा. दुसरी बाजू चार-पाच मिनिटं. मध्ये सुरी खुपसून पाहा, ओलं अंडं लागता कामा नये.

5. दहा मिनिटं निवू द्या, मग केकसारखे तुकडे कापा. गरम असताना कापलं तर विस्कटतं.

अंडं खात नसाल तर आपलं बेसनाचं टोमॅटो ऑम्लेट आहेच. पाऊण वाटी बेसन, चमचाभर तांदळाचं पीठ, बारीक चिरलेला कांदा-टोमॅटो, मिरची, कोथिंबीर, ओवा आणि मीठ घालून सरसरीत भिजवा. त्यात वाटीभर पास्ता चिरून घाला. हा पोळा मात्र पातळच पसरायचा आणि झाकण ठेवून शिजवायचा, नाहीतर मध्ये बेसन कच्चं राहतं.

वरणात पास्ता

वरणफळं, म्हणजेच चकोल्या, ज्यांच्या घरी होतात त्यांना हे लगेच कळेल. कणकेच्या शंकरपाळ्यांऐवजी शिजलेला पास्ता, एवढाच फरक. इटलीतही कडधान्य आणि पास्ता एकत्र शिजवायची जुनी रीत आहे. राजम्यासारख्या दाण्यांबरोबर 'पास्ता ए फाजोली', मसुरीबरोबर 'पास्ता ए लेंतिक्के'. थोडक्यात पोट भरणारं गरिबाघरचं जेवण.

तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि पाच-सहा ठेचलेल्या लसूण पाकळ्यांची फोडणी करा. लसूण तांबूस झाला की हळद, तिखट आणि लगेच दोन वाट्या वरण. दीड वाटी गरम पाणी, गोडा मसाला, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, मीठ. पाच मिनिटं उकळू द्या. मग वाटीभर साधा पास्ता घालून तीनच मिनिटं ठेवा. कच्च्या वरणफळांना दहा-बारा मिनिटं लागतात, हा तर आधीच शिजलेला आहे. वर साजूक तूप घाला आणि लगेच वाढा. पंधरा मिनिटांत पास्ता रस पिऊन घेतो आणि सगळं घट्ट होतं. छोटे शंख किंवा मॅकरोनी इथे छान लागते. मटकीची किंवा मसुरीची उसळ उरली असेल, तर त्यातही हेच करता येतं.

बाकीचं पटकन

चांगला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो आणि आपला शेवयांचा बन्सी गहूही त्याच जातीचा. म्हणून शेवयांच्या उपम्याची फोडणी त्याला मानवते: मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची, शेंगदाणे, भरपूर कांदा, शेवटी लिंबू. मैद्याचा स्वस्त पास्ता मात्र दुसऱ्या दिवशी लवकर मोडतो, तो पोळ्यातच घाला.

व्हाइट सॉसच्या पास्त्याला फोडणी किंवा वरण नको, दूध आणि चिंच एकत्र आले की फाटतं. त्याचे कटलेट करा. वाटीभर पास्ता बारीक चिरून दोन उकडलेल्या बटाट्यांत कुस्करा. आलं-मिरची आणि मीठ घालून चपट्या टिक्क्या थापा. मिश्रण हाताला चिकटत असेल तर शिळ्या पावाचा चुरा मिसळा. रव्यात घोळवून थोड्या तेलावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा. रवा कोरडाच हवा आणि तेल तापल्यावरच टिक्की सोडा, म्हणजे ती तव्याला धरत नाही.