व्लादिमिर गोंचारिक यांच्यावर चरित्रटिपण कसे लिहावे

बेलारूसचे कामगार नेते व्लादिमिर गोंचारिक यांच्यावर लिहायचे असेल, तर सुरुवात 2001 च्या अध्यक्षीय निवडणुकीपासून न करता सभासदांच्या वर्गणीपासून करावी. ते ज्या कामगार महासंघाचे अध्यक्ष होते, तो सोव्हिएत काळाचा वारसा होता. कामावर रुजू होणारा माणूस जवळपास आपोआप त्याचा सभासद होई, कारखान्याचा हिशेब विभाग त्याच्या पगारातून वर्गणी परस्पर कापून घेई, आणि बहुतेक कारखाने सरकारी असल्यामुळे महासंघाच्या तिजोरीची किल्ली सरकारच्याच हाती राही. एवढे आधी स्पष्ट केले, तरच पुढील घटनांची संगती लागते.

1990 चे दशक थोडक्यात आटोपून 2001 च्या उन्हाळ्यावर यावे. येथे मात्र घाई करू नये. विरोधकांच्या पाच इच्छुकांतून एक उमेदवार ठरवण्यात मोलाचा वेळ गेला आणि त्यांपैकी सेम्योन दोमाश यांनी गोंचारिक यांच्यासाठी माघार घेतली ती थेट ऑगस्टमध्ये. त्याआधी जुलैत गोंचारिक यांनी वरिष्ठ पोलीस अधिकारी निकोलाय लोपातिक यांचे हस्तलिखित निवेदन उघड केले होते. 1999 मध्ये बेपत्ता झालेले माजी गृहमंत्री युरी झाखारेंको आणि विरोधी नेते व्हिक्तर गोंचार यांच्या प्रकरणांत सत्तेतील बड्या व्यक्तींकडे त्यात बोट दाखवले होते. या धैर्याची नोंद ठळकपणे घ्यावी, आणि गोंचार व गोंचारिक या दोन व्यक्तींची गल्लत होऊ देऊ नये.

9 सप्टेंबरच्या मतदानात सत्तेवर असलेले राष्ट्राध्यक्ष लुकाशेंको यांना 75.65 टक्के व गोंचारिक यांना 15.65 टक्के मते मिळाल्याचे जाहीर झाले. हे आकडे देताना ‘अधिकृत’ हा शब्द गाळू नये, कारण ही निवडणूक लोकशाही निकषांना उतरली नाही, असे युरोपीय सुरक्षा व सहकार्य संघटनेच्या निरीक्षकांनी नोंदवले होते.

माझ्या मते टिपणाचा खरा भार यानंतरच्या भागावर हवा. 14 डिसेंबर 2001 रोजी मंत्रिपरिषदेने ठराव करून पगारातून वर्गणी कापण्याची पद्धत बंद केली. लाखो सभासदांच्या संघटनेला आता एकेका कामगाराकडून प्रत्यक्ष पैसे गोळा करणे भाग पडले. गोंचारिक पायउतार झाले आणि जुलै 2002 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातील उपप्रमुख लिओनीद कोझिक यांच्याकडे महासंघाची सूत्रे गेली. या टप्प्यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या चौकशी आयोगाचा 2004 चा अहवाल मुळातून वाचावा आणि प्रत्येक तारीख त्याच्याशी ताडून मगच लिहावी.