जास्वंद पांढरी पडली? पंप उचलण्याआधी या चुका टाळा

ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की नर्सरीत एक गिऱ्हाईक ठरलेलं असतं. पिशवीत जास्वंदीचा शेंडा, त्यावर कापूस चिकटल्यासारखं पांढरं काहीतरी, आणि मागणी एकच: "बुरशी लागलीय, काहीतरी जालीम द्या." ती बुरशी नसतेच. तो पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. बुरशीनाशकाने त्याचं काही बिघडत नाही. उलट उघड्या पिशवीतून शेंडा मिरवत आणला, तर त्यावरची पिल्लं नर्सरीतल्या चांगल्या झाडांवर उतरतात. शेंडा दाखवायला न्यायचाच असेल तर पिशवीला घट्ट गाठ मारा.

घरच्या बागेत औषध क्वचितच कमी पडतं. ते भलत्याच गोष्टीवर पडतं, ही खरी अडचण.

दिसेल त्याला कीड समजणं

चाफ्याच्या पानामागे नारिंगी पूड दिसली आणि बोटाला लागली, तर तो तांबेरा. ही मात्र खरोखरच बुरशी आहे, इथे कीटकनाशक वाया जातं. गळलेली पानं उचलून टाका आणि पाणी पानांवर न मारता बुंध्याशी द्या. गुलाबाच्या पानाच्या कडेला कर्कटकाने आखल्यासारखे गोल काप दिसले, तर ते पान कापणाऱ्या, पोळ्याशिवाय एकटीच राहणाऱ्या मधमाशीचं काम. ती तुकडे घरट्यासाठी नेते, पान खात नाही. तिला सोडून द्या. सातवीणीच्या पानांवर गाठीच गाठी येतात, त्यांच्या आत एक बारीक रसशोषक कीटक वाढत असतो. बाहेरून मारलेलं औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि मोठं झाड त्याने मरतही नाही. छोट्या रोपाची गाठाळलेली पानं खुडा, रस्त्याकडेच्या झाडाचा नाद सोडा.

गुलाबाची पानं धुरकट पडून त्यावर टाचणीच्या टोकाएवढे फिकट ठिपके आले असतील तर पान उलटं करा. मागे बारीक जाळं असेल तर तो लाल कोळी. याला आठ पाय, म्हणजे हा कीटकच नव्हे. सायपरमेथ्रिनसारखं औषध मारलं की याला खाणारे जीव आधी मरतात आणि हा आणखी फोफावतो. आधी पानांच्या मागून जोरात पाणी मारा. त्याने भागलं नाही तर पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी. कडक उन्हात गंधकाने पानं करपतात. कडुनिंबाचं तेल फवारलेलं असेल तर गंधकाआधी किमान दोन आठवडे जाऊ द्या.

मित्रालाच चिरडणं

पिठ्या ढेकणांच्या घोळक्यात कधी कधी एखादा 'मोठा ढेकूण' दिसतो. तोही पांढरा, अंगावर मेणाच्या लांब झिपऱ्या, आणि लोक हमखास त्यालाच पहिला चिरडतात. जरा थांबून बघा. पिठ्या ढेकूण जेमतेम ३ मिलिमीटरचा, जागेवर चिकटून बसलेला असतो. हा त्याच्या तिप्पट-चौपट लांब, आणि काडीने डिवचलं की चांगला पळतो. ही क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची अळी. पिठ्या ढेकूण हेच तिचं जेवण. भुंगा झाल्यावर तो काळपट दिसतो, डोकं नारिंगी. मूळचा ऑस्ट्रेलियाचा हा किडा १८९८ साली भारतात मुद्दाम आणला गेला. तो झाडावर दिसला तर पंप खाली ठेवा. फार तर सगळ्यात खराब शेंडे कापा, तेही त्यावर त्याच्या अळ्या नाहीत हे बघून.

मुंग्यांना विसरणं

पिठ्या ढेकूण, मावा, खवले कीड सगळे रस शोषून गोड चिकटा टाकतात. त्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात, ढालकिड्यांना हुसकावून लावतात. मुंग्यांची वाट चालू असेपर्यंत फवारणीने पुरेसा उतार पडत नाही. बुंध्याला प्लास्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा, सालीला थेट नको. भिंतीला, ग्रिलला टेकलेल्या फांद्याही छाटा, नाहीतर मुंग्या तिकडून चढतात. पेरू-लिंबाच्या पानांवरची काजळी हीसुद्धा त्या चिकट्यावर वाढलेली बुरशी. चिकटा थांबला की तीही हळूहळू सुटते.

कडुनिंबाचं तेल थेट पाण्यात ओतणं

मग तेल वर तरंगतं. पंपातून आधी नुसतं पाणी येतं आणि शेवटी निव्वळ तेल, तेही एकाच फांदीवर. ती फांदी करपली की लोक म्हणतात, कडुनिंब सोसवला नाही. ५ मिली तेलात १-२ मिली भांडी घासायचा पातळ साबण आधी नीट घोटा, मग थोडं थोडं करत लिटरभर पाणी घाला. दुधासारखं झालं पाहिजे. कपड्यांची पावडर वापरू नका, कोवळी पानं जळतात. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस बघा. फवारणी उन्हं उतरल्यावर, पानांच्या मागे आणि शेंड्याच्या बेचक्यांत, आणि कालवलेलं त्याच दिवशी संपवा.

एकदा मारून हात झटकणं ही याच्याच जोडीची चूक. मादी कापसासारख्या पिशवीत शेकड्यांनी अंडी घालते, तिथे फवारा पोचत नाही. सात-आठ दिवसांनी पिल्लं बाहेर आली की पुन्हा मारायचं, आणि नंतर आणखी एकदा.

शेतातलं औषध कुंडीत

गावाहून बिनलेबलच्या बाटलीत आणलेलं औषध घरात येऊच देऊ नका. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. बाल्कनीच्या बागेत लाल-पिवळ्याचं काही काम नाही. कढीपत्त्यावर तर नाहीच, सकाळी तो फोडणीत जाणार आहे.

लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी अळी दिसली तर औषध लागतच नाही. ती फुलपाखराची. हात लावला की डोक्यातून नारिंगी शिंगं काढून वास सोडते. २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेली राणी पाकोळीही लिंबाच्याच जातीच्या झाडांवर वाढते. रोप हातभर असेल तर अळ्या मोठ्या लिंबावर हलवा. मोठ्या झाडाला चार पानं गेल्याचा पत्ताही लागत नाही.

आंब्याखालचा भुसा झाडून टाकणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. खोडाशी लाकडाचा ताजा भुसा पडतो, घरातले रोज झाडतात आणि वाळवी किंवा मुंग्या समजून सोडून देतात. आत भिरूड असतो. त्याची बोटभर लांब अळी महिनोन् महिने खोड पोखरते, आणि फांदी वाळल्यावर उशीर झालेला असतो. आंब्यासारखाच तो फणसालाही लागतो. भुसा कुठून पडतो ते वर बघत शोधा, भोक सुरीने साफ करा, टोक वाकवलेली तार आत घालून अळी ओढून काढा. हाताला लागली नाही तर पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सारून भोक चिखलाने लिंपा, आणि त्या वेळी जवळपास कुणी विडी-सिगरेट ओढत नाही ना, हे बघा. आठवड्याने बुंध्याशी पुन्हा नजर टाका. नवा भुसा दिसला तर आणखी एखादं भोक राहिलंय, ते शोधा.