मार्केटिंगमध्ये करिअर करायचंय? खान्देशातल्या पोरापोरींनो, या चुका टाळा

दरवर्षी निकालाच्या आसपास मला गावाकडून फोन सुरू होतात. कोणी भुसावळचं असतं, कोणी साक्रीचं, परवा शहाद्याच्या एका पोरीचा आला. प्रश्न एकच, "दादा, मार्केटिंगला स्कोप आहे का?" मी विचारतो मार्केटिंगमधलं नेमकं काय करायचंय, की पलीकडे एकदम शांत. त्यांचा दोष नाही यात, मी पण असाच होतो. जळगावला विद्यापीठात एमबीए करत होतो तेव्हा दोन वर्षं नुसत्या व्याख्या पाठ केल्या आणि पहिली नोकरी लागल्यावर कळलं की आपण ज्याला मार्केटिंग म्हणत होतो तो त्यातला एक कोपराच आहे. नंतर चार वर्षं बी-बियाण्याच्या कंपनीत चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात फिरलो, आता ऑनलाइन विक्रीचं काम बघतो. या सगळ्यात स्वतः केलेल्या आणि ज्युनिअर पोरांच्या बघितलेल्या चुका सांगतोय, कारण यातल्या बऱ्याच कॉलेजात असतानाच टाळता येतात आणि तेव्हा त्यांना पैसेही लागत नाहीत.

मार्केटिंग म्हणजे एकच नोकरी असं समजणं

आपल्याकडे घरी सांगा मार्केटिंग करतोय, आजी लगेच विचारते, "म्हंजे घरोघर फिरनं पडी का रे?" आणि आपल्या डोक्यातही तेच चित्र असतं, नाहीतर मग डायरेक्ट इन्स्टाग्रामवर रील टाकणं. मधलं काही दिसतच नाही.

कपाशीच्या बियाण्याचं एक पाकीट घ्या. कोणीतरी शेतकऱ्यांना भेटून विचारलेलं असतं की मागच्या वर्षी कोणतं वाण लावलं आणि यंदा का बदलणार, हे झालं मार्केट रिसर्च. कोणत्या पट्ट्यात कोणतं वाण पुढे करायचं आणि काय भावात, हे प्रॉडक्ट मॅनेजर ठरवतो. भिंतीवरची रंगवलेली जाहिरात, गाडीवर लावायची ऑडिओ क्लिप, शेतकऱ्याचा व्हिडिओ, ही कामं एजन्सीतले क्रिएटिव्हवाले आणि क्लायंट सर्व्हिसिंगवाले (म्हणजे कंपनीशी बोलणं सांभाळणारे) करतात. गावात डेमो प्लॉट लावून बोंडं फुटायच्या वेळी पन्नास शेतकऱ्यांना पीक पाहणीला आणणारा असतो तो एमडीओ, म्हणजे मार्केट डेव्हलपमेंट ऑफिसर. डीलरकडे माल ठेवणारा आणि उधारी वसूल करणारा सेल्स ऑफिसर वेगळा. शिवाय मोबाईलवर जाहिरात चालवून कोणत्या तालुक्यातून किती चौकशा आल्या ते बघणारा आणखी वेगळा. पाकीट एक आणि माणसं सहा, प्रत्येकाचा दिवस वेगळा जातो, लागणारा स्वभावही वेगळा.

पुस्तकातले चार पी सगळ्यांना पाठ असतात, प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन. जेरोम मॅकार्थींनी ते १९६० साली मांडले. पण पोरं करिअर निवडताना फक्त चौथा पी बघतात. खरं तर आपल्या भागात सगळ्यात जवळून बघायला मिळतो तो तिसरा, प्लेस, म्हणजे माल कंपनीतून दुकानापर्यंत पोचतो कसा. तो शिकायला पुण्याला जायची गरज नाही, तुमच्या तालुक्याच्या बिस्किटवाल्या डिस्ट्रिब्युटरच्या गोडावूनमध्ये आठ दिवस बसलात तरी खूप कळतं.

कोणाला काय जमेल याचा माझा साधा अंदाज. बीएस्सी स्टॅटवाल्यांनी रिसर्च आणि डेटाकडे बघावं, मराठी चांगलं लिहिणाऱ्या एमएच्या पोरांनी कॉपीरायटिंग, म्हणजे जाहिरातीचा मजकूर लिहिणं, सोडू नये कारण ब्रँडना चांगलं मराठी लिहिणारा माणूस खरंच सापडत नाही, ॲग्रीवाल्यांना एमडीओचा रस्ता आहे, शिरपूर-चोपड्याच्या फार्मसीवाल्यांना एमआर, म्हणजे डॉक्टरांना भेटणारा औषध कंपनीचा प्रतिनिधी, इथपासून सुरू होऊन पुढे प्रॉडक्ट मॅनेजमेंटकडे जाता येतं. हे काही पक्के नियम नाहीत, पण सुरुवात कुठून करायची ते तरी ठरतं.

सेल्सला कमी लेखणं

"मला मार्केटिंग पाहिजे, सेल्स नको." हे वाक्य मी पण इंटरव्ह्यूत बोललो होतो आणि समोरच्या साहेबांनी शांतपणे विचारलं होतं, मग ग्राहकाला कधी भेटणार? उत्तर नव्हतं माझ्याकडे. रोजच्या वापराच्या वस्तू बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तर एमबीए करून आलेल्यालासुद्धा आधी काही महिने बाजारात फिरवतात, मगच ब्रँडचं काम हातात देतात. दुकानदार कंपनीची स्कीम कशी समजून घेतो, कंपनीने डिस्ट्रिब्युटरला विकलेला माल आणि डिस्ट्रिब्युटरकडून दुकानात गेलेला माल यात फरक का पडतो, महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत माल का ढकलला जातो, हे उन्हात उभं राहूनच कळतं आणि मग आयुष्यभर उपयोगी पडतं.

पण डोळे झाकूनही सेल्सची ऑफर घेऊ नका. फिक्स पगार किती, टार्गेटवरचा किती, पेट्रोल आणि टीए-डीए (प्रवासाचा आणि रोजचा भत्ता) कसं मिळतं, टेरिटरी कोणती, आधीचा माणूस का सोडून गेला, एवढं विचारायचंच. विचारलं म्हणून नोकरी जात नाही.

ओजेटीचं सर्टिफिकेट मामाच्या दुकानातून आणणं

मला सगळ्यात जास्त तळमळ याची वाटते म्हणून जरा लांबण लावतो.

नवीन शिक्षण धोरणात ऑन जॉब ट्रेनिंग (ओजेटी) आलंय, त्याला क्रेडिट आहेत, एमबीएला समर इंटर्नशिप आधीपासून आहेच. आणि आपण काय करतो, ओळखीतल्या दुकानाचा शिक्का मारून आणतो, झेरॉक्सवाल्याकडून मागच्या बॅचची ब्लॅक बुक, म्हणजे बाइंड केलेला प्रोजेक्ट रिपोर्ट, घेतो, नाव बदलतो, सोनेरी अक्षरात बाइंडिंग. मार्क मिळतात. मग इंटरव्ह्यूला कोणी विचारतं की प्रोजेक्टमध्ये किती जणांना भेटलात, त्यातल्या एकाने काय सांगितलं ते सांगा, आणि तिथे गाडी अडकते. मी आता स्वतः इंटरव्ह्यू घेतो, खोटा प्रोजेक्ट दोन प्रश्नांत कळतो आणि खरं सांगतो खूप वाईट वाटतं, कारण पोरगं हुशार असतं.

बरं, त्याच मामाच्या दुकानात खरं काम करता येतं ना! समजा मामी बिबडे (ज्वारीचे पापड) करून विकते. ६०० रुपयांची जाहिरात मोबाईलवर चालवली, २० जणांचे व्हॉट्सॲपवर मेसेज आले, त्यातले ३ जण ऑर्डर देऊन गेले. म्हणजे एक ग्राहक आणायला २०० रुपये लागले. एका ऑर्डरमागे ४० रुपये सुटत असतील तर हा सरळ तोटा आहे. पण त्याच ग्राहकाने वर्षात एकूण सहा ऑर्डर दिल्या तर २४० सुटतात, २०० वजा, ४० उरले. मग पुढचे प्रश्न आपोआप येतात की २० पैकी १७ जण का गेले, कुरिअरचा खर्च ऐकून गेले की फोटो बघून, ऑर्डर दिलेले तिघं परत यावेत म्हणून काय करावं, पॅकिंगमध्ये बिबडे तुटतात का. ही चार पानं लिहिलीत ना, तर कोणत्याही बाइंडिंगपेक्षा भारी. मोठ्या कंपनीतला माणूस हाच हिशोब फक्त जास्त शून्यं लावून करत असतो.

फी भरून मोकळं होणं

डिजिटल मार्केटिंगचा कोर्स, शंभर टक्के जॉब गॅरंटी. अशा एका क्लासला मी पण फी भरली होती, नाव घेत नाही. तीन महिने स्लाइड दाखवल्या, एकदाही खऱ्या अकाऊंटवरून जाहिरात चालवायला दिली नाही, शेवटी फ्रेम केलेलं सर्टिफिकेट आणि फोटो. वडिलांनी कापसाच्या पैशातून दिलेली फी होती, ते अजून लागतं मनाला.

म्हणून आधी फुकटचं संपवा. गुगलच्या स्किलशॉपवर जाहिरातींचे कोर्स आणि परीक्षा फुकट आहेत, सर्टिफिकेट वर्षभर चालतं. हबस्पॉट ॲकॅडमीवर कंटेंट आणि ईमेलचं फुकट मिळतं. हे करून वाटलं की अजून पाहिजे तर क्लास लावा, पण आधी विचारा की लाइव्ह अकाऊंटला हात लावायला मिळेल का, शिकवणारा आज कोणाचं काम करतो, मागच्या बॅचमधल्या दोघांशी बोलायला मिळेल का. अजून एक खूण, वेबसाइटवर कोण-किती आलं ते मोजणाऱ्या गुगल ॲनालिटिक्सचं जुनं व्हर्जन जुलै २०२३ मध्ये बंद झालं, क्लासमध्ये अजून तेच शिकवत असतील तर उठून या.

एमबीएचंही तसंच, सीईटी द्यायची तर जरूर द्या, पण कामाची चव न घेता दोन वर्षं आणि घरची बचत लावू नका. वर्षभर कुठेतरी काम करून एमबीएला गेलेली पोरं वर्गात वेगळेच प्रश्न विचारतात, हे मी पाहिलंय.

"मार्केटिंग ऑफिसर पाहिजेत" बघून लगेच जाणं

जाहिरातीत शिक्षण कोणतंही, पगार भरपूर, कंपनीचं नाव नाही, इंटरव्ह्यू हॉटेलच्या हॉलमध्ये. आत गेल्यावर टाळ्या, भाषणं आणि शेवटी किटचे पैसे भरा, खाली दोन माणसं जोडा. ही नोकरी नाही. माणसं जोडण्यावरच पैसे फिरत असतील तर अशा साखळी योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे आणि डायरेक्ट सेलिंगच्या २०२१ च्या नियमांतही पिरॅमिड स्कीम चालवायला मनाई केलीय. पैसे अडकलेच असतील तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, ऑनलाइन फसवणूक असेल तर १९३० वर जितका लवकर फोन कराल तितकं चांगलं. आणि लाजेने गप्प बसू नका, तुमच्या मागे तुमच्याच वर्गातली पोरं जाणार असतात.

आपल्या भागाचं जे माहीत आहे ते लपवणं

शहरात गेल्यावर आपली पोरं अहिराणी सोडतात, गावाचं नाव विचारलं तर "नाशिकच्या पुढे" म्हणतात. अरे, तुमच्याकडे जी माहिती आहे ती मिळवायला कंपन्या पैसे देऊन सर्व्हे करतात.

मुंबईत बसलेल्या माणसाच्या कॅलेंडरवर पाडवा असतो, दसरा असतो, दिवाळी असते, आखाजी नसते. असली तरी "अक्षय्य तृतीया, सोनं" एवढीच. आपल्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, साड्या घेतल्या जातात, सांजोऱ्या होतात, सालदाराचं (वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतमजुराचं) साल त्याच दिवशी बदलतं म्हणजे पैशाची देवाणघेवाण होते. साडीवाल्याने, मोबाईलवाल्याने, ॲल्युमिनियमची भांडी विकणाऱ्याने कधी जाहिरात करायची याचं अर्धं उत्तर इथेच आहे. श्रावणात कानबाईच्या सणाला सुरत-पुण्याला कामाला गेलेली माणसं गावी येतात, हेही तसंच. ड्रिपवाल्याला (ठिबक सिंचन विकणाऱ्याला) केळीची मृग बाग म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड आणि कांदे बाग म्हणजे पावसाळा संपतानाची, यातला फरक माहीत नसेल तर त्याची जाहिरात चुकीच्या महिन्यात पडते. तुम्हाला हे घरात बसून माहीत आहे.

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. तिथल्या पोरांना मराठी, गुजराती, हिंदी, भिली सहज येतं आणि बायोडेटात लिहितात "मराठी, हिंदी, इंग्लिश". चारही भाषा लिहा, वर लिहा.

आणि मोठी गोष्ट मोठ्या शहरातच होते असंही नाही. विप्रो १९४५ साली अमळनेरला सुरू झाली, वनस्पती तूप-तेलाची कंपनी म्हणून, कॉम्प्युटर खूप नंतर आले. अमळनेरला कॉलेजात जाणाऱ्या किती पोरांनी यावर एखादा प्रोजेक्ट केलाय?

अडलंच तर

इंटर्नशिपसाठी पन्नास ठिकाणी अर्ज केले, उत्तर नाही. बहुतेक पन्नासही ठिकाणी एकच मजकूर गेलेला असतो. पाचच निवडा, प्रत्येकाच्या जाहिरातीत किंवा दुकानातल्या मांडणीत तुम्हाला काय खटकलं आणि तुम्ही काय बदलाल ते पाच ओळीत लिहून पाठवा.

इंग्लिश कच्चं आहे. मीटिंगपुरतं सहा महिन्यांत येतं, रोज कामाचा एक ईमेल लिहून कोणाकडून तरी तपासून घ्या. त्यासाठी थांबून राहू नका.

घरचे म्हणतात एमपीएससी कर. भांडू नका. त्यांना अनिश्चितपणाची भीती असते आणि ती खोटी नाही, त्यांनी शेतीत भाव पडताना बघितलेत. ऑफर लेटर, पगाराची स्लिप, पीएफ कापल्याचा आकडा हातात ठेवा. माझे वडील पीएफ बघून शांत झाले होते.

कोणतं क्षेत्र निवडावं तेच कळत नाही. तीन कामांची आठ-आठ दिवस चव घ्या, एक दुकानातलं, एक मोबाईलवरचं, एक लोकांना प्रश्न विचारायचं. संध्याकाळी वहीत दोन ओळी लिहा, आज वेळ कधी पटकन गेला आणि कधी जाईना.

आणि डिस्ट्रिब्युटरकडे जाणार असाल तर आधी फोन करा आणि सेल्समन बीटवर (ठरलेल्या दुकानांच्या फेरीवर) निघाले की मगच जा. सकाळी त्याची बिलं आणि गाड्या भरायची घाई असते, तेव्हा तो दोन मिनिटं पण देत नाही, सगळे गेले की खुर्ची ओढून स्वतःच बोलायला लागतो.