सड्यावरचं एकच पान: गुरं सोडण्यापूर्वी वाकून बघा

मृगाचा पाऊस लागला की कोल्हापूरकडच्या मसाई पठारापासून गगनबावड्यापर्यंतचे जांभ्याचे सडे, म्हणजे पातळ मातीचे सपाट खडकाळ माळ, पंधरा दिवसांत हिरवे होतात. तुमचं चराईचं रान किंवा नाचणीची पड अशा सड्याला लागून असेल, तर गुरं सोडण्यापूर्वी एकदा वाकून बघा. गवतात जमिनीला चिकटून पसरलेलं, गोलसर, बुडाशी खाच असलेलं एकच पान (क्वचित दोन) दिसलं, तर ती भुईवर वाढणारी आमरी, म्हणजे ऑर्किड. शास्त्रीय नाव हबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस. नाव झाडापेक्षा लांब!

आमरी म्हटलं की आपल्याला झाडाच्या फांदीवर लोंबणारी आठवते. ही मातीत, कंदावर जगते. पानाच्या मधून सरळ दांडा वर येतो आणि जून-जुलैत त्यावर मोजकी पांढरी फुलं लागतात. फूल न तोडता निरखा. खालची पाकळी तीन भागांत चिरलेली, कडेचे दोन भाग रुंद, मधला बारीक पट्टीसारखा, आणि मागे लांब नळी. फुलामागचा हिरवा भाग ओलं फडकं पिळावं तसा पिळलेला दिसतो, कारण कळी उमलताना अर्धा फेरा घेते. पान देठावर उभं, घड्या पडलेलं असेल तर ती नर्व्हिलिया ही वेगळी आमरी. तिचं फूल आधी येऊन जातं, पान मागाहून.

मातीत दोन कंद असतात. एक गेल्या सालचा, सुरकुतत चाललेला. दुसरा पुढच्या पावसासाठी भरणारा. हा दुसरा भरतो तो त्या एका पानाच्या जिवावर. उसाचं एखादं पान फाटलं तर काही बिघडत नाही. इथं एक खूर पडला की वर्षाची कमाई गेली.

म्हणून जिथं अशी पानं दाट दिसतील, तेवढा तुकडा आषाढ-श्रावणात राखा. सगळं रान बंद करा असं मी म्हणणार नाही, वैरणीचा प्रश्न मलाही आहे. कडेला चार दगड मांडले तरी गुराख्याला कळतं. तिथं तणनाशक मारू नका, खत फेकू नका. वृक्षलागवडीचे खड्डेही सड्यावर नकोत. वीतभर मातीत झाड तग धरत नाही आणि कुदळ नेमकी कंदावर बसते. रोपं बांधाला, खोल मातीत लावा. मुरूम काढायचा असेल तर जेसीबी लावण्याआधी पावसात ती जागा एकदा फिरून बघा.

कंद उकरून परसात लावायच्या भानगडीत पडू नका. मी एकदा मातीच्या ढेकळासकट कुंडीत आणला होता. पुढच्या मृगाला कुंडीत नुसतं तण उगवलं. हिचं बी धुळीसारखं बारीक, त्यात स्वतःची शिदोरी नसते. मातीतल्या बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं, आणि ती बुरशी कुंडीत टिकेलच असं नाही.

गवत कापणीची मात्र काळजी नको. दिवाळीच्या सुमारास विळा लावाल तोवर बोंडं फुटून बी उडालेलं असतं आणि पानही वाळून गेलेलं असतं.